मणिकर्णिकेपासून स्वर्णरेखेपर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी एखादे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना संपादक-मंडळाकडून आली तेव्हा आम्ही प्रथम काहीसे बिचकलो. जे नाव मनात आले, त्याविषयी नवे ते काय सांगावे? झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चित्र ज्याने पाहिले नाही असे मराठी घर शोधूनही सापडावयाचे नाही. पाठीशी मूल बांधलेली, उगारलेली तलवार हाती घेतलेली ही अश्वारूढ मूर्ती आमच्या मंडळाच्या जवळजवळ प्रत्येक स्नेहसंमेलनात रंगमंचावर येऊन गेली आहे. कधी लाकडी घोड्यावर बसून, तर कधी घोड्याची सोय न झाल्यामुळे नुसत्याच पुठ्ठ्याच्या तलवारीनिशी. आज आजी झालेल्या कित्येक भगिनींनी कोवळ्या वयात ती भूमिका केलेली आहे.

तरीही लेखणी उचलली, त्यास एक लहानसे निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी उत्तरेच्या प्रवासात आम्ही सहकुटुंब झाशीस उतरलो होतो. किल्ल्याचा चढ चढत असताना आमच्या कन्येने सहज विचारले, की राणीचे गाव महाराष्ट्रात नेमके कोठे आहे. तिचा स्वतःचा जन्म परमुलुखातला. महाराष्ट्र तिने पाहिला तो सुटीतल्या पाहुणीसारखा. आम्ही मोठ्या उत्साहाने उत्तर देऊ लागलो आणि मध्येच अडखळलो. जन्म काशीचा, बालपण ब्रह्मावर्ताचे, संसार झाशीचा, अंत ग्वाल्हेरचा. राणीसाहेबांच्या ज्ञात आयुष्यातील एकही मुक्काम आजच्या महाराष्ट्रात पडत नाही! ज्यांना आपण मराठी शौर्याची परिसीमा मानतो, त्या जन्मभर आपल्यासारख्याच दूरदेशीच्या मराठी होत्या. ही गोष्ट काही कोणी लपवून ठेवलेली नव्हती. आमच्याच ध्यानात ती कधी आली नव्हती.

मग त्यांचे मराठीपण कशावर उभे होते? त्या दिवशी किल्ल्याच्या तटावरून आम्ही खाली पाहत होतो. फाल्गुन सरत आला होता. बुंदेलखंडाची ती करड्या खडकांची उघडीबोडकी भूमी, मधून मधून पेटल्यासारखे दिसणारे पळस, मोहाची झाडे, आणि दूरवर लक्ष्मीतालाच्या पाण्याची चकाकती रेषा. तेथे बसल्या बसल्या राणीसाहेबांच्या आयुष्याचे टप्पे मनाशी जुळवू लागलो, तो प्रत्येक टप्प्याशी एक पाणी उभे राहिलेले दिसले. काशीस आणि ब्रह्मावर्तास गंगा, झाशीस लक्ष्मीताल आणि जवळून वाहणारी बेतवा, काल्पीस यमुना, ग्वाल्हेरीस स्वर्णरेखा. आपल्या भाषेत पर्वत तो आणि सागर तो. परंतु नदी ती, वीज ती, पृथ्वी ती आणि पहाटही तीच. आपल्या पूर्वजांनी निसर्गाच्या वाहत्या, उजळत्या आणि धारण करणाऱ्या रूपांना स्त्री मानले, ते केवळ व्याकरणापुरते मानले असे आम्हांस वाटत नाही.

राणीसाहेबांच्या मातोश्रींचे नाव भागीरथीबाई, म्हणजे गंगाच. मुलीचे नाव ठेवले मणिकर्णिका. काशीच्या ज्या घाटाचे हे नाव, तेथील कुंडात देवीच्या कानातील रत्नजडित भूषण गळून पडले अशी कथा सांगतात. आणि त्याच घाटावर चिता अखंड जळत असतात. देवीचा अलंकार आणि मर्त्यांची शेवटची वाट, ही दोन्ही ज्या नावात एकत्र नांदतात ते नाव तान्ह्या मुलीस ठेवताना मोरोपंत तांबे यांच्या मनात गंगामाईची भक्ती तेवढी असणार. जन्मदिवस १९ नोव्हेंबर हा धरतात. वर्षाविषयी मात्र मतभेद आहेत. जुने चरित्रकार १८३५ देतात, तर दुसरी परंपरा १८२८ मानते. काशीत अस्सीजवळच्या भदैनी भागात आज त्यांच्या जन्मस्थानाचे स्मारक आहे.

मोरोपंत हे पेशव्यांच्या आश्रयाला असलेले गृहस्थ. १८१८ साली राज्य गेल्यावर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांस इंग्रजांनी कानपूरनजीक गंगाकाठी ब्रह्मावर्त, म्हणजेच बिठूर येथे नेऊन ठेवले. पेशव्यांबरोबर आश्रित आले, भिक्षुक आले, आचारी आले, आणि त्यांच्या बायकामुलांबरोबर मराठी सणवार, मराठी स्वयंपाक व मराठी बोलणेही आले. तेथे मनूचे बालपण गेले. मातोश्री लवकर निवर्तल्या होत्या. त्यामुळे ही मुलगी माजघरापेक्षा बाहेरच्या चौकात वाढली. घोडदौड, तलवार आणि मल्लखांब यांचा तिला नाद लागला, बाजीराव तिला कौतुकाने छबेली म्हणत, आणि नानासाहेबांच्या संगतीत ती खेळली असे सांगतात. या बालकथांतील किती अक्षरशः खऱ्या आणि किती मागाहून रंगविलेल्या, याचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. आई नसलेल्या मुलीस त्या वसाहतीने आणि त्या नदीने वाढविले, एवढे निश्चित.

१८४२ साली झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी तिचा विवाह झाला. या झाशीविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बंगरा नावाच्या टेकडीवर हा किल्ला बांधला. पुढे बुंदेलखंडात मराठ्यांचा अंमल बसला आणि १७४२ मध्ये नारोशंकर हे सुभेदार होऊन आले. ज्यांच्या घंटेचे नाव नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यात आहे, तेच हे नारोशंकर राजेबहाद्दर. त्यांनी किल्ला वाढविला, शहर वसविले. नेवाळकरांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांच्यापैकी रघुनाथराव यांनी सुभेदारीच्या काळात लक्ष्मीतालाच्या काठी महालक्ष्मीचे मंदिर उभारले. कोकणातून निघालेल्या कुळाने आपली देवी बरोबर नेली आणि नव्या मुलखात पाणी पाहून तिची स्थापना केली. परगावी गेलेला मराठी माणूस आधी देवघराची जागा ठरवतो आणि मग बाकीचे सामान लावतो, हा अनुभव वाचकांपैकी कित्येकांनी घेतलेला असेल.

विवाह झाशीच्या गणेश मंदिरात झाला. हे मंदिर आजही आहे, आणि झाशीतील मराठी कुटुंबांच्या जिव्हाळ्याचे आहे. सासरचे नाव ठेवताना कुलदेवतेचे नाव निवडण्यात आले आणि मणिकर्णिकेची लक्ष्मी झाली. नदीची लेक तलावाकाठच्या देवीच्या घरी आली. लग्नात नाव बदलण्याच्या चालीबद्दल आज अनेकांचे, विशेषतः आमच्या घरातील तरुण मंडळींचे, मत प्रतिकूल आहे आणि ते आम्हांस समजतेही. परंतु या एका बाबतीत दोन्ही नावे इतकी सार्थ ठरली, की कोणते खरे म्हणावे ते कळत नाही.

गंगाधरराव रसिक होते. नाटकाची त्यांना हौस होती, आणि त्यांच्या ग्रंथसंग्रहाची कीर्ती दूरवर होती. १८५१ मध्ये राणीसाहेबांना पुत्र झाला. शहरात साखर वाटली गेली असेल, तोफा झाल्या असतील. परंतु ते बाळ काही महिन्यांतच गेले. या आघातातून राजेसाहेब सावरले नाहीत. १८५३ च्या नोव्हेंबरात त्यांचे दुखणे विकोपास गेले, तेव्हा २० तारखेस नेवाळकर कुळातीलच आनंदराव नावाचा पाच वर्षांचा मुलगा इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष यथाविधि दत्तक घेण्यात आला. त्याचे नाव गेलेल्या बाळाचेच ठेवले, दामोदर. दुसऱ्या दिवशी गंगाधररावांनी डोळे मिटले. लक्ष्मीतालाच्या परिसरात राणीसाहेबांनी बांधविलेली त्यांची छत्री आजही पाहावयास मिळते. तिच्या पायऱ्यांवर आम्ही काही वेळ बसलो होतो. तलावाचे पाणी ओसरले होते आणि काठच्या गाळात बगळे उभे होते.

पुढचा भाग शाळेतील पुस्तकांमुळे सर्वांस ठाऊक आहे. लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक नामंजूर केला आणि १८५४ च्या मार्चमध्ये संस्थान खालसा झाले. राणीसाहेबांनी त्या वेळी उद्गारलेले वाक्य मराठी मुलांस अक्षरओळखीबरोबरच पाठ होते. त्याची येथे पुनरुक्ती करीत नाही. त्यानंतर त्यांनी जे केले ते मात्र रंगमंचावर कधी दिसत नाही. त्यांनी अर्ज लिहिले. तहनाम्यांचे दाखले काढले, शेजारच्या संस्थानांतील मंजूर झालेल्या दत्तकांची उदाहरणे दिली, जॉन लँग नावाच्या वकिलास बोलावून सल्ला घेतला, आणि विलायतेपर्यंत दाद मागितली. तीन वर्षे हा लढा कागदावर चालला. तलवार उपसण्यापूर्वी या बाईंनी लेखणी झिजविली होती. परदेशी कचेऱ्यांत कागदपत्रे घेऊन रांगा लावणाऱ्या आपल्यासारख्यांना या धीराची किंमत अधिक कळेल.

दरमहा पाच हजारांचे निवृत्तिवेतन ठरले. पण यजमानांचे कर्ज त्यातून कापण्याचा प्रश्न निघाला. महालक्ष्मीच्या मंदिरास लावून दिलेली गावे सरकारजमा झाली. किल्ला सोडून त्या शहरातील वाड्यात राहावयास गेल्या. तोच आजचा राणीमहाल. दामोदररावांची मुंज करावयाची ठरली, तेव्हा त्याच्याच नावे खजिन्यात असलेल्या ठेवीतून एक लाख रुपये मागावे लागले, आणि तेही जामीनदार दिल्यावर मिळाले. स्वतःच्या मुलाच्या मुंजीसाठी स्वतःचेच पैसे जामिनावर! राज्य गेल्याचे दुःख मोठे खरे. परंतु घरातल्या मंगलकार्याच्या दारात परक्याची परवानगी घ्यावी लागणे, हा सल निराळा. आयुष्यातील टप्पे माणूस सणासारखे जपतो. त्यांपैकी एकही राणीसाहेबांच्या वाट्याला निर्वेध आला नाही.

या काळातील त्यांच्या दिनक्रमाचे सर्वांत जिवंत चित्र आपणांस विष्णुभट गोडसे यांच्यामुळे मिळते. पेणजवळील वरसई गावचे हे गरीब भिक्षुक. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून चार पैसे मिळतील या आशेने ते १८५७ मध्ये उत्तरेस निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. घरी परतल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांनी आठवणी लिहिल्या, आणि चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये त्या माझा प्रवास या नावाने प्रसिद्ध केल्या. भटजींनी पाहिलेल्या राणीसाहेब पहाटे उठून व्यायाम करीत, घोड्यावर रपेट करीत, स्नानानंतर शुभ्र वस्त्र नेसून तुळशीची पूजा करीत, मातीचे पार्थिव लिंग करून पूजीत, आणि मग दरबारात बसत. थंडीच्या दिवसांत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यांचा जमाव पाहून त्यांनी टोप्या, अंगरखे व घोंगड्या वाटविल्या. केशवपन केले नाही म्हणून रोज प्रायश्चित्तही त्या घेत असत, असे भटजी नोंदवितात. यातील विसंगती भटजींना बोचली नसावी. आम्हांस ती बोचते आणि राणीसाहेबांविषयी ममत्वही वाढवते. रूढी मोडलीही, आणि मोडल्याबद्दल रोज दंडही भरला.

१८५७ च्या जूनमध्ये झाशीच्या पलटणीने उठाव केला. किल्ल्यात आश्रयास गेलेले इंग्रज बाहेर आले आणि ८ जून रोजी जोखनबागेत पुरुष, बायका व मुले मिळून सुमारे साठ जणांची कत्तल झाली. या प्रसंगाविषयी चरित्रलेखक बहुधा घाईने पुढे सरकतात. आम्हांस तसे करणे उचित वाटत नाही. ती कत्तल निंद्यच होती. राणीसाहेबांच्या आज्ञेने ती घडली असे सिद्ध करणारा पुरावा पुढे आलेला नाही. उलट, शिपायांनी आपणांस धमकावून पैसे उकळले असे त्यांनी सागरच्या कमिशनरास कळविले होते, आणि कमिशनरानेही इंग्रज अंमल पुन्हा बसेपर्यंत कारभार पाहण्यास त्यांस सांगितले होते. परंतु संशयाची सावली एकदा पडली ती पडलीच. पुढचे दहा महिने त्यांनी राज्य केले. सदाशिवराव नावाच्या भाऊबंदाने करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःस राजा म्हणविले, त्यास हुसकून लावले. ओर्छ्याच्या फौजेने वेढा घातला, तो उठविला. या सर्व काळात आपण कोणत्या बाजूस उभे राहणार, हे पुष्कळ दिवस त्यांचे त्यांनाही ठरविता आले नव्हते, असे कागदपत्रांवरून दिसते. हा निर्णय एका रात्रीत झाला नाही. समोरून वाटच बंद झाली तेव्हा तो झाला.

आता चैत्राविषयी. सन १८५८ चा गुढीपाडवा मार्चच्या मध्यावर आला होता. तृतीयेस चैत्रगौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर, ती माहेरी असते. परमुलुखात राहून आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे यांची सोय करताना आपल्या भगिनींची किती तारांबळ उडते ते आम्ही पाहिलेले आहे. म्हणून ही तिथी येथे मुद्दाम सांगतो. सर ह्यू रोझ यांची फौज झाशीसमोर येऊन ठेपली ती २१ मार्चला. म्हणजे शहरातील मराठी घराघरांत गौर नुकतीच झोपाळ्यावर बसलेली होती.

झाशीच्या आठवणींत राणीसाहेबांच्या हळदीकुंकवाला फार मोठे स्थान आहे. किल्ल्यावर आरास होई, आणि साऱ्या शहरातील बायका जातपात न पाहता बोलाविल्या जात. पुढे राणीसाहेबांच्या वेषात शत्रूसमोर गेली असे जिच्याविषयी सांगतात, ती कोरी समाजातील झलकारीबाई प्रथम त्यांच्या दृष्टीस पडली तीही गौरीपूजेच्या अशाच प्रसंगी, अशी लोककथा आहे. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. राणीसाहेब विधवा होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे ज्या कपाळाला कुंकू वर्ज्य, त्या बाईच्या दारी अख्ख्या शहराने कुंकू लावून घेतले! गौरीचा उत्सव हा वसंताचा उत्सव आहे. फळाफुलांनी भरलेली सृष्टी म्हणजेच माहेरी आलेली गौर, हा त्यातील भाव; आणि सृष्टीच्या भरलेपणावर सधवा-विधवा असा शिक्का नसतो. राणीसाहेबांच्या मनात हा विचार आला होता की नाही, हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांनी सण थांबविला नाही, एवढेच झाशीने लक्षात ठेवले.

त्यानंतर तोफा सुरू झाल्या. किल्ल्यावरच्या एका तोफेचे नाव कडकबिजली, दुसरीचे भवानीशंकर. दोन्ही आजही तेथे ठेवलेल्या आहेत. वीज आणि भवानी ही नावे लोखंडाला देणारा तो समाज तटावर खऱ्या बायकांनाही उभे करू शकला. मोर्चांवर दारूगोळा वाहणाऱ्या आणि पडझड झालेल्या भिंती रात्रीतून बांधून काढणाऱ्या स्त्रिया वेढा घालणाऱ्यांनीही पाहिल्या. गोलंदाज गुलाम गौसखान आणि खुदाबक्ष यांच्या जोडीने मोतीबाईचे नाव घेतले जाते. तिघांच्या समाध्या किल्ल्यात आहेत आणि तेथे फुले वाहिलेली आम्ही पाहिली. तात्या टोपे सुमारे वीस हजारांची फौज घेऊन मदतीस आले, परंतु १ एप्रिलला बेतवेच्या काठी त्यांचा मोड झाला. तटावरून लोक त्या दिशेने डोळे लावून बसले होते. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले.

त्यानंतरचे काही दिवस भटजींनी जे पाहिले त्याला ते बिजन म्हणतात. घराघरांत शिरून माणसे मारली गेली, लुटीला सुमार राहिला नाही, आणि गंगाधररावांचा तो ग्रंथसंग्रह नष्ट झाला. गौर तेव्हा झोपाळ्यावरच होती. अक्षय्यतृतीयेला अजून आठ-दहा दिवस अवकाश होता. त्या घरांतील किती गौरींची पाठवणी झाली असेल, हा विचार झाशीत आमच्या मनातून गेला नाही. स्वातंत्र्याच्या कथेत शहराने मोजलेली ही किंमत सांगावयाची राहून जाते. राणीसाहेबांनाही ती दिसली होती. सारे संपल्याचे पाहून दारूगोळ्याच्या कोठारासह स्वतःस उडवून घेण्याचा विचार त्यांनी बोलून दाखविला होता आणि एका वृद्ध सरदाराने त्यांस परावृत्त केले, अशी हकीकत आहे.

४ एप्रिलच्या रात्री दामोदररावास घेऊन त्या बाहेर पडल्या. किल्ल्यावरून घोड्यासह उडी टाकल्याची जागा मार्गदर्शक दाखवितात; आमच्या कन्येने वाकून खाली पाहिले आणि मान हलविली. भांडेरी दरवाजाने त्या निसटल्या असाव्यात हेच संभवनीय. भांडेरवरून त्यांनी यमुनाकाठची काल्पी गाठली, म्हणजे जवळजवळ एकशे साठ किलोमीटर. मागे राहिलेले मोरोपंत पकडले गेले आणि झाशीत त्यांना फाशी देण्यात आली. काशीच्या घाटावर मुलीचे नाव ठेवणाऱ्या बापाचा शेवट असा झाला.

काल्पीच्या वाटेवरच भटजींना त्यांचे जे दर्शन घडले, ते आमच्या मते साऱ्या चरित्रातील सर्वांत हृद्य चित्र आहे. लढाईत मोड झालेला, बरोबर मोजके स्वार, अंगावर पठाणी वेष, सारे शरीर धुळीने माखलेले, चेहरा म्लान. एका विहिरीशी त्या आल्या, तहान लागलेली होती. भटजी तेथे पाणी काढावयास पुढे झाले. त्यांना ओळखून राणीसाहेबांनी थांबविले. विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढवून घेणे त्यांस रुचेना. त्यांनी स्वतः दोर घेतला, मडके विहिरीत सोडले, आणि ओंजळीने पाणी पिऊन तहान भागविली. राज्य गेले होते, वडील गेले होते, दुसऱ्याकडून सेवा कोणती घ्यावी व कोणती घेऊ नये हा विवेक मात्र शाबूत होता. महाराष्ट्रात कधीही न राहिलेली ती स्त्री आणि वरसईहून पायी आलेला तो भिक्षुक त्या विहिरीवर कोणत्या भाषेत बोलले असतील, हे काही सांगावयास नको.

मे महिन्यात कोंचला पराभव झाला, मग काल्पी पडली. उन्हाने इंग्रजांचे सैनिक पटापट कोसळत होते, स्वतः रोझ यांनाही उन्हाचे झटके आले. बुंदेलखंडाची ती लू राणीसाहेबांच्या बाजूने लढली, पण पुरी पडली नाही. १ जूनला रावसाहेब, तात्या आणि राणीसाहेब यांनी ग्वाल्हेर घेतले. तेथे विजयाचे सोहळे सुरू झाले, ब्राह्मणभोजने उठू लागली. आणि रोझ येऊन पोहोचले. १७ जूनला कोटा-की-सरायजवळ लढाई झाली. त्या दिवशी, किंवा काहींच्या मते १८ जूनला, राणीसाहेब धारातीर्थी पडल्या. स्वर्णरेखा नावाच्या ओढ्याशी नवा घोडा अडला आणि तेथे घाव बसले, असे परंपरा सांगते. बाबा गंगादासांच्या मठाजवळ घाईने चिता रचून दहन झाले. वय एका हिशेबाने एकोणतीस, दुसऱ्याने अवघे बावीस. गंगेच्या नावाने जन्मलेल्या मुलीची अखेरही गंगादासांच्या दारी व्हावी, हा योगायोग म्हणावा. त्यात अधिक अर्थ शोधण्याचा मोह आम्ही आवरतो.

दामोदरराव वाचला. दोन वर्षे रानावनांतून इमानी माणसांबरोबर भटकून तो पोरका मुलगा अखेर इंग्रजांच्या स्वाधीन झाला. इंदुरास त्याला लहानसे वेतन मिळाले. मुंजीच्या वेळी ज्या ठेवीतून लाख रुपये घेतले ती ठेव त्याला परत मिळाली नाही. १९०६ मध्ये तो वारला. आईच्या पाठीवरचे ते मूल पुढे अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत जगले, हे चित्र पाहताना कोणाच्या ध्यानी येत नाही.

राणीसाहेबांचे नाव मात्र त्यांनी कधी न पाहिलेल्या समुद्रापलीकडे गेले. १९४३ साली सिंगापुरात नेताजींनी स्त्रियांची पलटण उभारली, तिला झाशीच्या राणीचे नाव दिले आणि कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन् यांच्याकडे तिची सूत्रे सोपविली. त्या पलटणीतील बहुसंख्य मुली मलायातील रबराच्या मळ्यांत वाढलेल्या तमिळ मुली होत्या. त्यांपैकी पुष्कळजणींनी हिंदुस्थानचा किनाराही पाहिलेला नव्हता. झाशी कोणत्या दिशेस आहे हे ठाऊक नसताना त्यांनी ते नाव खांद्यावर मिरविले. इकडे हिंदी मुलखात सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेने राणी घरोघर नेली. आपल्यापैकी कित्येकांच्या मुलांना ती मराठीआधी हिंदीतूनच भेटते, याचे आम्हांस वैषम्य वाटत नाही. २०२१ पासून झाशीच्या रेल्वे स्थानकासही त्यांचे नाव आहे.

परतीच्या गाडीत कन्येने पुन्हा तोच विषय काढला. राणीसाहेब महाराष्ट्रात कधी आल्या नाहीत, मग तेथल्या लोकांना त्या कळल्या कशा, हे तिला हवे होते. तेव्हा आम्ही तिला गोडसे भटजींची उरलेली गोष्ट सांगितली. उत्तरेत मिळविलेले सारे द्रव्य लुटीत गेले. भटजींपाशी नेण्यासारखे काही उरले नाही. तेव्हा त्यांनी गंगेचे पाणी भरून कावड खांद्यावर घेतली, आणि मजल दरमजल करीत, विंध्य-सातपुडा ओलांडून, ती कोकणात वरसईला आणली. दारात थकलेले आईवडील वाट पाहत होते. भटजींनी त्या पाण्याने त्यांना स्नान घातले.